पॉल जॉर्ज दोनदा गेला

ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे दोन सराव सामने झाले. अमेरिकेतल्या या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे संघ भारतात पहिल्यांदाच खेळत होते, त्यामुळे कौतुक होतं ते सगळं समारंभाचं. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे, पहिल्या सामन्याला गॅलऱ्या शाळकरी मुलांनी भरलेल्या. दोन्ही सामने इंडियाना पेसर्सने जिंकले. इंडियानाच्या ताफ्यात डोमान्टास सबोनिस नावाचा एक धिप्पाड लिथुआनियन खेळाडू होता. हा गडी म्हणजे पॉल जॉर्ज या दुसऱ्याच एका खेळाडूची वसूल झालेली अर्धी किंमत आहे, हे त्या मुलांना कोणी सांगितलं नसणार. सांगण्यासारखं ते तेव्हा नव्हतंही.

झालं होतं असं. जॉर्ज हा इंडियानाचा सर्वांत मोठा खेळाडू. करार संपला की मी राहणार नाही, असं त्याने २०१७ च्या उन्हाळ्यात कळवून टाकलं. फुकट जाऊ देण्यापेक्षा विकलेला बरा, म्हणून इंडियानाने त्याला ओक्लाहोमा सिटी थंडरकडे दिलं आणि बदल्यात व्हिक्टर ओलाडिपो व सबोनिस घेतले. दोन वर्षांनी, जुलै २०१९ मध्ये, जॉर्जने ओक्लाहोमाकडेही सोडण्याची मागणी केली. त्यांनी त्याला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे धाडलं. बदल्यात शाय गिल्जस-अलेक्झांडर हा एनबीएत जेमतेम एक मोसम काढलेला मुलगा आला, डॅनिलो गॅलिनारी हा मुरलेला इटालियन आला, आणि पुढच्या काही वर्षांतल्या ड्राफ्टचे पहिल्या फेरीतले पाच हक्क आले. इकडे इंडियानाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सबोनिस देऊन टायरीज हॅलिबर्टन घेतला. दिला कोणाला, तर वरळीत समोर उभे होते त्याच किंग्जना.

जून २०२५ च्या अंतिम मालिकेत शायचा ओक्लाहोमा आणि हॅलिबर्टनचा इंडियाना समोरासमोर आले आणि सात सामने झुंजले. जॉर्ज तेव्हा फिलाडेल्फियाच्या संघात होता. ८२ पैकी ५८ सामने हरून त्या संघाचा मोसम एप्रिलमध्येच आटोपला होता.

ओक्लाहोमाने ती मालिका जिंकली. १९७७ च्या पोर्टलंडनंतरचा हा सर्वांत तरुण विजेता संघ, सरासरी वय साडेपंचवीसच्या आसपास. लगेच सगळीकडे एक गोष्ट सांगितली जाऊ लागली: म्हाताऱ्यांना काढा, दोन-तीन वर्षं मनसोक्त हरा, ड्राफ्टमधून पोरं उचला, धीर धरा, करंडक येतो. ऐकायला बरी आहे. ओक्लाहोमाचे कागद मात्र तसं सांगत नाहीत.

आयपीएलवर वाढलेल्या वाचकाला ड्राफ्ट थोडा उलगडून सांगायला हवा. आयपीएलमध्ये तळाला राहिलेल्या संघाला लिलावात कसलीही सवलत नसते. थैली सगळ्यांची सारखी. एनबीएत नव्या खेळाडूंचा लिलाव होतच नाही. दर जूनमध्ये संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, आणि ज्याची कामगिरी वाईट त्याचा नंबर आधी. साहजिकच मुद्दाम हरण्याचा मोह होतो. त्याला तिथे टँकिंग म्हणतात, आणि लीग त्यावर उतारे शोधत असते. १९८५ पासून पहिले नंबर सोडतीने ठरतात. २०१९ पासून तर सर्वांत वाईट तिन्ही संघांना पहिल्या नंबरची सारखीच, १४ टक्के, संधी असते. तरी मोह सुटत नाही, कारण बास्केटबॉलमध्ये कोर्टावर पाचच जण असतात. क्रिकेटमध्ये एका फलंदाजाने सगळा मोसम ओढून नेला असं क्वचित होतं, इथे एक माणूस संघाचं नशीब पालटतो. शिवाय हे निवडीचे हक्क पुढच्या सात वर्षांपर्यंतचे विकता येतात. म्हणजे जो मुलगा आज सातवीत आहे त्याच्यावरचा हक्क आज हातोहात फिरत असतो.

ओक्लाहोमा सिटी हे शहर सात लाख वस्तीचं. समुद्र नाही, हॉलिवूड नाही. नावाजलेला खेळाडू मोकळा झाला की लॉस एंजेलिस, मायामी, न्यूयॉर्क बघतो. इथे स्वतःहून येत नाही. संघ मुळात सिॲटलचा, सुपरसॉनिक्स नावाचा, १९७९ चा विजेता. २००८ मध्ये मालकांनी तो उचलून इथे आणला. सिॲटलकरांच्या मनातून ते अजून गेलेलं नाही. जनरल मॅनेजर सॅम प्रेस्टी त्याच्या आदल्या वर्षी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, या खुर्चीत बसला. २०२५ च्या करंडकापर्यंत अठरा वर्षं झाली, तेव्हाही तोच होता. या लीगमध्ये प्रशिक्षक आणि मॅनेजर ज्या वेगाने घरी जातात ते पाहता ही अठरा वर्षं कुठल्याही खेळाडूच्या आकडेवारीइतकीच महत्त्वाची आहेत. पाच वर्षांनंतरचे हक्क गोळा करायचे तर पाच वर्षांनंतर आपणच इथे असू, ही खात्री आधी लागते.

संघात नवा खेळाडू आला की प्रेस्टी त्याला शहरातल्या स्मारकावर घेऊन जातो. १९ एप्रिल १९९५ ला इथल्या मरा फेडरल इमारतीत स्फोट झाला, १६८ माणसं गेली. हिरवळीवर १६८ रिकाम्या खुर्च्या मांडल्या आहेत, इमारतीच्या नऊ मजल्यांप्रमाणे नऊ रांगांत. लहान मुलांच्या खुर्च्या आकाराने लहान आहेत. विसाव्या वर्षी कोटी कोटी डॉलर हातात पडलेला मुलगा त्या खुर्च्यांमधून हिंडून काय घेऊन जातो, हे बाहेरून कळणं अवघड. आपण कुठल्या गावाचं नाव छातीवर लावतो आहोत एवढं तरी कळत असावं.

तरुणांचा संघ बांधण्याची प्रेस्टीची ही पहिली खेप नव्हे. २००७ ते २००९ या तीन ड्राफ्टमध्ये त्याने केविन ड्युरंट, रसेल वेस्टब्रुक आणि जेम्स हार्डन निवडले. पुढे तिघेही लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. तीन वर्षांत असे तिघे निवडणारा माणूस पुढे काहीही न करता ख्यातीवर जगला असता तरी चाललं असतं. २०१२ मध्ये हा संघ अंतिम मालिकेत पोहोचला आणि मायामीकडून हरला. चौघांचंही (चौथा सर्ज इबाका) वय तेव्हा विशीच्या पहिल्या निम्म्यात. हे दहा वर्षं राज्य करणार, असं सगळे म्हणत होते. चार महिन्यांनी हार्डनला ह्युस्टनला देऊन टाकलं. नव्या कराराच्या आकड्यावरून बोलणी फिसकटली होती. सगळ्यांना पुरेसे पैसे दिले तर पगाराची मर्यादा ओलांडून वर दंडाचा कर बसत होता. चार वर्षांनी, ४ जुलै २०१६ ला, ड्युरंटचा करार संपला आणि तो गोल्डन स्टेटला निघून गेला. बदल्यात शून्य. संघ पुन्हा अंतिम मालिकेपर्यंत पोहोचलाच नव्हता.

माझ्या मते २०२५ चा करंडक त्या ४ जुलैला सुरू होतो. हाताशी असलेला मोठा खेळाडू एक दिवस जाणारच आहे, तर तो कधी आणि कितीला जातो एवढंच आपल्या हातात असतं, हे छोट्या गावाला त्या दिवशी पुरतं कळलं. २०१९ च्या एप्रिलमध्ये पोर्टलंडच्या डेमियन लिलार्डने ३७ फुटांवरून, नेमका पॉल जॉर्जच्या डोक्यावरून, शेवटच्या क्षणी बॉल टाकून ओक्लाहोमाला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. तो संघ वाईट नव्हता. तो तिथपर्यंतच जाणारा होता, आणि ते जास्त वाईट. जुलैत कवाय लेनर्ड या मोकळ्या झालेल्या ताऱ्याने क्लिपर्सना अट घातली की जॉर्ज आला तर मी येतो. क्लिपर्सना एकाच सौद्यात दोन तारे मिळत होते, म्हणून त्यांनी दोघांची किंमत मोजली. ती किंमत प्रेस्टीने घेतली. आठवड्याभरात वेस्टब्रुकही ह्युस्टनला गेला, बदल्यात क्रिस पॉल आणि आणखी काही हक्क.

इथे हरण्याची गोष्ट सांगणारे एक पान उलटून पुढे जातात. क्रिस पॉल तेव्हा चौतिशीत होता, त्याचा पगार अवाढव्य, आणि तो पुढे ढकलला जाईल असंच सगळ्यांनी धरलं होतं. तो मोसमभर राहिला. ४४ सामने जिंकले, २८ हरले, प्ले-ऑफ गाठली आणि ह्युस्टनशी सातव्या सामन्यापर्यंत खेचलं. शाय त्या वर्षी या माणसाच्या शेजारी उभा राहून खेळला. आजचा शाय पाहा. धावत येतो, बचाव करणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावतो, आणि एकाएकी थांबतो. समोरचा दोन पावलं पुढे गेलेला असतो, तोवर हा पंधरा फुटांवरून शांतपणे बॉल सोडतो. त्याच्याइतका वेग अनेकांकडे आहे. तो थांबतो मात्र सगळ्यांपेक्षा चांगला. (समोरच्याचा हात लागावा म्हणून तो अंग टाकतो, ही तक्रारही खरी आहे. पंच ती फारशी ऐकत नाहीत.) मधल्या अंतरावरून, वेळ घेऊन खेळण्याची ही जुनी विद्या क्रिस पॉलने वीस वर्षं जोपासली. शायकडे ती थेट तिथूनच आली असं कोणी छातीठोक सांगू नये. पण वर्षभर ती त्याच्या डोळ्यांसमोर होती.

नंतरची दोन वर्षं मात्र अंधाराची. पॉलला फीनिक्सला पाठवलं. प्रशिक्षक म्हणून मार्क डेग्नॉल्ट आला, वय ३५, आधी संघाच्याच धाकट्या संघाला शिकवणारा. २०२०-२१ मध्ये २२ विजय, ५० पराभव. पुढच्या वर्षी २४ आणि ५८. २ डिसेंबर २०२१ ला मेम्फिसमध्ये १५२-७९. त्र्याहत्तर गुणांनी हार! एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा फरक. आधीचा विक्रम तीस वर्षं जुना, ६८ गुणांचा. शाय त्या दिवशी खेळला नव्हता हे खरं, पण मेम्फिसचा मुख्य खेळाडू जा मोरांटही नव्हता. मोठ्या हारी जगात होतात. इथे संताप आणणारी गोष्ट अशी, की सशक्त खेळाडूंना बाजूला बसवून ठेवणं हा या लीगमध्ये धोरणाचा भाग होता आणि ओक्लाहोमाही त्यात होता. अल हॉरफर्ड हा अनुभवी सेंटर (बास्केटजवळ खेळणारा) धडधाकट असताना २०२१ च्या मार्चपासून त्याला खेळवणंच बंद केलं गेलं. तिकीट काढून आलेल्या माणसाला यातलं काय मिळालं? त्याला उत्तर नाही, आणि करंडकाने ते मिळतं असं मला वाटत नाही.

आता हिशेब मांडू. त्या दोन हरलेल्या वर्षांनी ओक्लाहोमाला थेट काय दिलं? २०२१ मध्ये सोडतीने दगा दिला आणि सहावा नंबर आला: जॉश गिडी. २०२२ मध्ये दुसरा नंबर: चेट होमग्रेन, सात फुटी, अंगाने काडी, पण बास्केटजवळ आलेला बॉल हवेत अडवण्यात वाकबगार. तोही पहिलं वर्ष खेळलाच नाही. ऑगस्टमध्ये सिॲटलला एका हौशी सामन्यात लेब्रॉन जेम्सला अडवताना पायाला जबर दुखापत झाली. बाकीचे पाहा. शाय, जॉर्जच्या सौद्यातला. जेलेन विल्यम्स, २०२२ चा बारावा. तो हक्क क्लिपर्सचा, पुन्हा जॉर्जच्याच सौद्यातला. लू डोर्ट, माँट्रिऑलचा, ड्राफ्टमध्ये कोणीच निवडला नव्हता. आयझेया जो, फिलाडेल्फियाने नको म्हणून सोडलेला. ॲरन विगिन्स, पंचावन्नावा, म्हणजे ड्राफ्टमधल्या साठांपैकी जवळपास शेवटचा. हरून मिळालेला भक्कम माणूस एक, होमग्रेन. हरण्याने दिली ती मोकळीक: डोर्टने तीन-तीन शॉट चुकवावेत आणि चौथाही त्यानेच घ्यावा, इतकी.

नुसत्या हरण्याने काय होतं याचा दाखला फिलाडेल्फिया आहे. मॅनेजर सॅम हिंकीने २०१३ पासून तिथे हरण्याचं शास्त्रच बनवलं. २०१५-१६ मध्ये ते १० सामने जिंकले, ७२ हरले. जोएल एम्बीड मिळाला, बेन सिमन्स मिळाला, चाहत्यांना या साऱ्याला ‘प्रोसेस’ म्हणायची सवय लागली. तेव्हापासून २०२५ पर्यंत हा संघ दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नाही. उलट टोकाला डेट्रॉइट. २०२३-२४ मध्ये सलग २८ हरला, मोसमात १४ विजय. पुढच्या वर्षी त्याच पोरांच्या भोवती टोबायस हॅरिस, टिम हार्डवे धाकटा, मलिक बीझली अशी कळती माणसं आणून बसवली आणि विजय झाले ४४. हा फरक नव्या हिऱ्याने पडला नव्हता. मुलांच्या घरात कोणीतरी मोठं आलं होतं.

ओक्लाहोमाला हे कळलं ते २०२४ मध्ये, आणि सगळ्या कथेतला मला सर्वांत आवडणारा निर्णय तो आहे. त्या वर्षी ५७ सामने जिंकून हा संघ पश्चिम विभागात पहिला आला. इतका तरुण संघ अव्वल यायची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या फेरीत डॅलसने हरवलं. गिडीला दूरवरून बॉल टाकता येत नव्हता. डॅलसने त्याला मोकळा सोडला आणि त्याच्यावरचा माणूस शायच्या वाटेत उभा केला. मालिका संपेपर्यंत गिडी बाकावर गेला होता. एरवी काय करतात? एकवीस वर्षांचा मुलगा, आपणच निवडलेला, सहाव्या नंबरचा, थांबू एखादं वर्ष. प्रेस्टीने मोसम संपताच त्याला शिकागोला दिलं आणि तीस वर्षांचा ॲलेक्स करूसो आणला. सोबत एकही हक्क मागितला नाही. हक्कांची थप्पी लावण्यासाठी ओळखला जाणारा माणूस एका तिशीतल्या बचावपटूसाठी सरळ एकास एक बदल करतो, याचा अर्थ गोळा करण्याचे दिवस संपले. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कहून आयझेया हार्टेनस्टाइन हा सेंटर तीन वर्षांच्या ८ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर आला.

करूसो कशासाठी आणला हे १८ मे २०२५ ला दिसलं. डेन्व्हरविरुद्ध सातवा सामना. समोर निकोला योकिच, सहा फूट अकरा इंच, बहुधा या पिढीतला सर्वांत हुशार खेळाडू. डेग्नॉल्टने त्याच्यावर सहा फूट पाच इंचांचा करूसो सोडला. उंचीने मार खाणार हे ठरलेलंच, म्हणून करूसो मागे थांबलाच नाही. योकिचच्या पुढ्यात शिरायचं, पाठ त्याच्या छातीला लावायची, हात वर, आणि बॉल त्याच्यापर्यंत पोहोचूच द्यायचा नाही. पोहोचलाच तर मागून दुसरा धावून येणार. योकिचसारख्या माणसाला सबंध सामन्यात बास्केटवर नऊच वेळा बॉल टाकता आला. १२५-९३. कोणाच्याही ड्राफ्टमधून न आलेला, टक्कल पडू लागलेला हा माणूस ‘सर्वांत तरुण’ संघाचा मोसम वाचवून गेला. मोसमातले आकडे तर अफाट होतेच: ६८ विजय, १४ पराभव, शायची सरासरी ३२.७, लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान. प्ले-ऑफच्या पहिल्याच सामन्यात मेम्फिसला ५१ गुणांनी हरवलं. त्र्याहत्तरचा हिशेब तरीही पुरा झाला नाही.

अंतिम मालिकेबद्दल बोलताना नशीब वगळणं अप्रामाणिक होईल. २२ जूनच्या सातव्या सामन्यात हॅलिबर्टनने सुरुवातीलाच तीन थ्री-पॉइंटर मारले होते. पहिल्याच सत्रात त्याच्या पायाचा स्नायुबंध तुटला, तो जमिनीवर हात आपटत पडला आणि सामन्याचा रंग बदलला. १०३-९१. तो उभा राहता तर? इंडियानाने हरण्याचं व्रत कधी घेतलं नाही, तरी तेही तिथवर आले होते. आणि त्यांची पडझड लगेच सुरू झाली: वरळीत खेळलेल्या संघातला, २०१५ पासूनचा माइल्स टर्नर जुलैत मिलवॉकीला निघून गेला. बदल्यात शून्य.

ओक्लाहोमाने २०२५ मध्ये तरी मुख्य खेळाडूंपैकी कोणाला जाऊ दिलं नाही. शायला चार वर्षांचे २८ कोटी ५० लाख डॉलर, जेलेन विल्यम्स आणि होमग्रेनलाही नियमात बसेल तेवढे जास्तीत जास्त. २०१२ मध्ये हार्डनला जे नाकारलं ते या वेळी तिघांनाही दिलं. पण नियम आता अधिक कडक आहेत. पगाराची त्याहून वरची, दुसरी मर्यादा ओलांडली की नुसता कर बसत नाही, अदलाबदल करण्याची मुभाच आवळली जाते. विल्यम्स आणि होमग्रेनचे नवे पगार २०२६ पासूनचे, शायचा २०२७ पासूनचा. डोर्ट आणि हार्टेनस्टाइन यांचं २०२६-२७ चं वर्ष ठेवायचं की नाही, हे तेव्हा संघानेच ठरवायचं होतं, आणि दोघांनाही ठेवलं तर बेरीज कुठे जाते ते प्रेस्टीला पाठ असेल. इथेच जपून ठेवलेले हक्क कामाला येतात: महाग माणूस सोडावा लागला तर जागेवर स्वस्त, नवा माणूस आणता येतो. क्लिपर्सचा २०२६ चा हक्क तेव्हा अजून जमेत होता. फिलाडेल्फियाचाही होता, पहिल्या चारांत नंबर लागला नाही तर. म्हणजे पस्तिशीतला पॉल जॉर्ज २०२५-२६ च्या मोसमात जितका वाईट खेळेल तितकं ओक्लाहोमाचं भलं होतं, फक्त त्याने फार वाईट खेळू नये.

गावकऱ्यांनी स्वतःची बाजू आधीच भरली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये, संघ नुकताच जिंकू लागला असताना, किमान ९० कोटी डॉलरच्या नव्या क्रीडागृहासाठी विक्रीकरातून पैसे द्यायचे की नाही यावर मतदान झालं. ७१ टक्के लोकांनी हो म्हटलं. संघमालकांचा वाटा पाच कोटी. हे मतदान त्र्याहत्तरच्या रात्रीनंतर घेतलं असतं तर किती टक्के पडले असते, हा प्रश्न मालकांनाही पडला असणार.

२०२५-२६ चा मोसम २१ ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडच्या लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ओक्लाहोमातच सुरू झाला. समोर ह्युस्टन. तेही तीन वर्षं हरून, पोरं गोळा करून वर आलेले. आदल्या मोसमात ५२ सामने जिंकले, पहिल्या फेरीत बाद झाले. त्यांनी २०२५ च्या उन्हाळ्यात ड्राफ्टमधला दहावा नंबर आणि आपणच घडवलेला तेवीस वर्षांचा जेलेन ग्रीन देऊन एक सदतिशीतला खेळाडू घेतला होता, केविन ड्युरंट. पोरं किती दिवस सांभाळायची आणि कधी विकून टाकायची, याचं दोन्ही संघांनी काढलेलं उत्तर एकाच कोर्टावर दिसणार होतं. आपल्याकडे तेव्हा पाडव्याची पहाट होती, पाचच्या सुमारास.